बेकी शार्पची उधारी

थॅकरेची 'व्हॅनिटी फेअर' ही कादंबरी १८४७-४८ मध्ये दरमहा हप्त्याने निघाली. मी ती तीनदा वाचली.

१. विसाव्या वर्षी तिची नायिका बेकी आवडतेच. शाळेतून निघताना मिळालेला जॉन्सनचा शब्दकोश ती गाडीच्या खिडकीतून भिरकावते. मी खूश! तो भोळ्या जेमायमाने, शाळा चालवणाऱ्या आपल्या बहिणीच्या चोरून, केवळ मायेपोटी दिला होता, हे दुसऱ्या वाचनात दिसलं.

२. पडलं तरी हसत उठावं, हे मात्र तिच्याकडूनच घ्यावं. हिंदुस्थानातून आलेल्या कलेक्टर जॉस सेडलीवर छाप पाडायची म्हणून ती तिखटजाळ करी गिळते. वर 'चिली' म्हणजे काहीतरी गार असेल म्हणून हिरवी मिरची चावते. डोळ्यांत पाणी, जॉसचे वडील खो-खो हसतायत, आणि ही पाणी पिऊन लगेच विनोद करते. (थॅकरेचा जन्म कलकत्त्याचा. मिरचीचा ठसका त्याला बरोबर ठाऊक.)

३. थाट बघताना बिल कोण भरतं ते बघावं. हे मला पुस्तकाआधी आमच्या दुकानाने शिकवलं. वडिलांचं वाणसामानाचं दुकान. एक बाई यायच्या, कडक इस्त्रीची साडी, तोंडात साखर. "भाऊ, पगार झाला की सगळं चुकतं करते." आधी पाव किलो वेलदोडे, मग तुपाचे डबे. खात्याचं पान भरलं, दुसरं उघडलं. एका सोमवारी त्यांच्या खोलीला कुलूप.

लंडनच्या कर्झन स्ट्रीटवर बेकी आणि तिचा नवरा रॉडन असेच राहतात. घर रॅगल्सचं. बटलरची नोकरी करून पै-पै जमवलेला माणूस. भाडं नाही, वर घरात लागेल ते त्यानेच पुरवायचं. शेवटी तो कर्जापायी तुरुंगात. थॅकरेने त्याला मोजकीच पानं दिली. मला तोच जास्त आठवतो.

४. वर्षाला पाच हजार पौंड मिळाले तर मीही सज्जन होईन, असं बेकीला वाटतं. गरिबाघरच्या अनाथ पोरीचं हे म्हणणं मला आजही सरळ खोडता येत नाही. पण चोरून गाणं ऐकायला आलेल्या स्वतःच्या मुलाच्या ती थोबाडीत मारते, त्याला पैसे कुठे लागत होते?

५. एकदा वडिलांना सगळी गोष्ट सांगितली. वॉटर्लूची लढाई, बेकीचा धनाढ्य चाहता लॉर्ड स्टेन, सगळं. ते पुड्या बांधत ऐकत होते.

"त्या रॅगल्सचे पैसे मिळाले का?"

"नाही."

"मग पुस्तक संपलं कसं?" म्हणाले, आणि दोरा तोडला.