चक्कीची वाट : परिसर अभ्यासाचा एक पाठ
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी)

श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ हा देशातील सर्वांत लांब महामार्ग केळापूर तालुक्यातून जातो. तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा याच मार्गावर आहे. परंतु पोडावरील मुलाला आईने ज्वारीचे दळण देऊन चक्कीवर पाठविले, तर ते मूल महामार्गाने जात नाही. धुऱ्यावरून, नाल्याच्या उतारातून आणि पळसाच्या झुडपांमधून जाणारी पायवाट त्याला चक्कीपर्यंत नेते. ही वाट मुलाला पाठ असते. शाळेला मात्र ती बहुधा ठाऊक नसते. तीच या पाठाचा विषय होय.

पाठाचा हेतू

अंतर, वेळ, दिशा व नकाशा या कल्पना मुलाच्या रोजच्या कामातून स्पष्ट करणे, हा पाठाचा पहिला हेतू आहे. दुसरा हेतू शिक्षकासाठी आहे. मूल शाळेत उशिरा का येते व पावसाळ्यात गैरहजर का राहते, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या वाटेवरच सापडते.

वाटेचे मोजमाप

दहा मीटर लांबीची दोरी शाळेच्या अंगणात पसरावी. प्रत्येक मुलाने नेहमीच्या चालीने तिच्या कडेने चालून आपली पावले मोजावीत. समजा, एका मुलीची २० पावले भरली; म्हणजे तिचे एक पाऊल अर्ध्या मीटरचे झाले. घरापासून चक्कीपर्यंत तिने २,४०० पावले मोजली, तर वाट १,२०० मीटरची ठरते. घरातील वडीलधारी माणसे अजूनही कोसाने अंतर सांगतात. कोस म्हणजे सुमारे तीन किलोमीटर, हे येथेच सांगावे. आजोबांचे माप आणि पुस्तकातील माप यांचा मेळ बसतो.

यानंतर वेळेचा हिशेब करावा. जाताना २० मिनिटे, चक्कीवर ३० मिनिटे आणि पाच किलो पीठ डोक्यावर घेऊन परतताना २५ मिनिटे, असे एकूण ७५ मिनिटे लागतात. मुलगी साडेनऊला निघाली तर पावणेअकराला घरी पोहोचेल. शाळा साडेदहाला भरत असेल, तर तिला उशीर होणारच. वीज नसल्यास चक्की बंद राहते व हा हिशेब आणखी लांबतो. हे गणित मुलांनी फळ्यावर सोडविले, म्हणजे उशीर हा प्रत्येक वेळी आळसाचा परिणाम नसतो, हे वर्गाला व शिक्षकालाही कळते.

वाटेची नावे व नकाशा

मोठमोठ्या नकाशांकडे वळण्यापूर्वी मुलांनी आपल्या वाटेचा नकाशा काढावा. सूर्य उगवतो ती दिशा प्रथम ठरवावी. मग मोहाचे झाड, विहीर, नाला, वळण, देवस्थान अशा खुणा क्रमाने मांडाव्यात. शंभर पावलांना एक बोट असे प्रमाण पुरेसे आहे.

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. तेथील अनेक मुले घरी कोलामी बोलतात. कोलामी ही गोंडीप्रमाणेच द्राविड भाषाकुलातील भाषा आहे. वाटेवरील झाडाला, खडकाला वा उताराला मुलाच्या घरी जे नाव असेल, ते देवनागरीत जसेच्या तसे लिहून घ्यावे व शेजारी मराठी नाव लिहावे. वर्गात एरवी गप्प बसणारे मूल या ठिकाणी इतरांना सांगू लागते. शिक्षकाने त्या वेळी ऐकणाऱ्याची भूमिका घ्यावी.

ऋतू आणि वाट

हीच वाट वर्षभर सारखी राहत नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते व पायांना चिकटते; उन्हाळ्यात ती आकसते व तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात वावरातून सरळ जाणारी वाट पेरणीनंतर धुऱ्याला लागते. नाल्याला पूर आला की ती वळसा घेते किंवा बंदच होते. म्हणून प्रत्येक मुलाने दोन नकाशे काढावेत : एक उन्हाळ्याचा व एक पावसाळ्याचा.

दोन नकाशांतील अंतराचा फरक महत्त्वाचा आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याखालील राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतरात शाळा असावी, असे धरले आहे. मूल प्रत्यक्षात किती चालते, हे पावसाळी वाट मोजल्यावाचून सांगता येणार नाही.

सावधगिरी

टिपेश्वर अभयारण्य या भागातच आहे व तेथे वाघांचा वावर आहे. पांढरकवडा परिसरातील ‘टी-१’ वाघिणीशी तेरा माणसांच्या मृत्यूचा संबंध जोडला गेला होता. २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला ठार मारण्यात आले. त्या काळातील भीती अनेक घरांत अद्याप आठवली जाते. म्हणून भल्या पहाटे व तिन्हीसांजेला मुलांनी एकट्याने जाऊ नये, हे निक्षून सांगावे. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेला हात लावू नये. गवतातून जाताना काठी आपटत जावे. सर्पदंश झाल्यास वेळ न दवडता दवाखाना गाठावा. मोजमापासाठी मुलांना रानात एकटे धाडू नये. गटाबरोबर शिक्षक किंवा पालक असावा.

वाट आणि हक्क

गाव नकाशात पायवाट एकेरी तुटक रेषेने व गाडीवाट दुहेरी तुटक रेषांनी दाखविलेली असते. गावच्या महसूल दप्तरातील हा नकाशा मिळवून मुलांच्या नकाशाशेजारी ठेवावा. काही वाटा दोन्हींत दिसतील, काही केवळ मुलांच्याच नकाशात दिसतील, तर काही गाव नकाशात असूनही नांगराखाली गेलेल्या आढळतील. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ नुसार शेतांच्या सीमांवरून जाण्याच्या शेतकऱ्यांच्या हक्काबाबत तहसीलदार निर्णय देतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करण्याचा आदेशही देता येतो. शिक्षकाने शेजाऱ्यांच्या वादात पडू नये. परंतु वाटेलाही कायदा आहे, ही माहिती नागरिकशास्त्राचा भाग म्हणून अवश्य द्यावी.

पाठानंतरचे काम

नकाशे वर्गात लावून पालकांना बोलवावे व वर सांगितलेला वेळेचा हिशेब त्यांच्यापुढे मुलांनीच वाचावा. चक्की शाळेच्या गावात असेल, तर मुलीने सकाळी दळण चक्कीवर ठेवून शाळेत यावे व सुटी झाल्यावर उजेडातच घेऊन जावे, अशी सोय सहज होऊ शकते. तिची एक खेप वाचते, घरचे काम अडत नाही आणि शाळाही बुडत नाही. अशी सोय कोणत्याही आदेशावाचून, चक्कीवाल्याशी दोन शब्द बोलून करता येते.

शिक्षकाने महिन्यातून एक वाट मुलाबरोबर स्वतः चालून पाहावी. हजेरीपटावर ज्या मुलापुढे उशिराच्या व गैरहजेरीच्या खुणा अधिक असतील, त्याची वाट प्रथम घ्यावी.