मंगळवेढ्याची मोहीम : एका सैनिकाच्या मागावर

युद्धभूमीच्या सहलीत बहुधा राजे, तह आणि तारखा यांचीच माहिती दिली जाते. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात मात्र निराळी प्रथा रूढ झाली. मृत सैनिकांचे आप्त फ्रान्स व बेल्जियममधील रणक्षेत्रांना भेटी देऊ लागले. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींवरून सैनिकाची पलटण, मृत्यूची तारीख व समाधीची जागा शोधता येई. आजही तेथील मार्गदर्शक एकाच सैनिकाच्या वाटेने रणभूमी दाखवितात. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याचा इतिहासही या पद्धतीने शिकविता येण्याजोगा आहे.

नेताजी पालकरांची वाट

दामाजीपंत व चोखोबा यांच्यामुळे संतभूमी म्हणून ओळखले जाणारे मंगळवेढा हे विजापूरच्या वाटेवरील लष्करी ठाणेही होते. जून १६६५ मधील पुरंदरच्या तहानुसार शिवाजी महाराजांना मिर्झाराजे जयसिंगांच्या आदिलशाहीविरुद्धच्या मोहिमेत सामील व्हावे लागले. महाराजांच्या सुमारे ९,००० फौजेत सरनौबत नेताजी पालकर होते. फलटण व ताथवडा घेऊन १८ डिसेंबर १६६५ रोजी ही फौज मंगळवेढ्यास पोहोचली आणि किल्ला हस्तगत झाला.

किल्ल्याच्या अवशेषांपाशी उभे राहून शिक्षकाने पुढील वाट नकाशावर दाखवावी. १६ जानेवारी १६६६ रोजी पन्हाळ्यावरील हल्ला फसला. त्याच सुमारास नेताजी महाराजांपासून दुरावले. प्रथम विजापूरकरांना व नंतर मोगलांना मिळाले. महाराज आग्र्याहून निसटताच मोगलांनी त्यांना कैद केले. १६६७ मध्ये त्यांचे धर्मांतर होऊन ते महंमद कुलीखान झाले व काबूलकडे रवाना झाले. १६७६ मध्ये ते परतले आणि महाराजांनी त्यांना पुन्हा जवळ केले. एका तहाचे ओझे एका माणसाच्या आयुष्यावर कसे पडते, हे या प्रवासातून विद्यार्थ्यांना उमगते.

उरलेल्यांची नावे

नेताजींची वाट सापडते, कारण ते सरनौबत होते. त्यांच्याबरोबरच्या हजारो शिपायांची नावे मात्र काळाच्या ओघात लुप्त झाली. कल्पित नावे देऊन ही पोकळी भरू नये. ती विद्यार्थ्यांना तशीच दाखवावी.

अडीचशे वर्षांनंतरही स्थिती फारशी पालटली नव्हती. मेसोपोटेमियातील कुत येथे १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्याने शरणागती पत्करली. त्या रणक्षेत्रात पडलेल्यांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची व भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. भारतीय जवानांची नोंद मात्र पलटणवार केवळ संख्येने झाली. या भेदभावाबद्दल आयोगाने २०२१ मध्ये क्षमा मागितली. महाराष्ट्रातील कित्येक गावांच्या वेशीवरील युद्धशिलांवरही गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत, एवढाच आकडा आढळतो.

पंचायतींचे कार्य

ही उणीव गावपातळीवर भरून काढता येईल. घरोघरची पदके, पत्रे व निवृत्तिवेतनाचे कागद पाहून ग्रामपंचायतीने सैनिकाचे नाव, पलटण, क्रमांक व रणक्षेत्र यांची वही तयार करावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य घ्यावे. वृद्धांच्या आठवणी नोंदविताना त्या आठवणी आहेत, हे स्पष्ट लिहावे. मग शाळेची सहल किल्ल्यावरून निघून गावातील एखाद्या जवानाच्या उंबरठ्याशी थांबू शकेल. मंगळवेढ्याच्या तटाशी जी नावे हरवली ती परत येणार नाहीत. घरात अजून जपलेली नावे मात्र हरवू न देणे आपल्या हाती आहे.