लोखंड कापण्याच्या करवतीचे पाते : निवड आणि वापर

(इयत्ता ७ वीच्या कार्यानुभवासाठी पाठ)

उद्देश : कापावयाच्या वस्तूचे द्रव्य व जाडी पाहून योग्य पाते निवडता येणे.
साहित्य : करवतीची चौकट, १८, २४ व ३२ दातांची पाती, मोजपट्टी, कानस, बाकशेगडा, लोखंडी कांब, कोन व नळी यांचे तुकडे.

प्रस्तावना

शाळेच्या पाण्याच्या टाकीची नळी गळू लागली की करवत शोधली जाते. चौकट सापडते; पण पाते मोडलेले असते. मग आठवडी बाजारातून ‘एक पाते’ आणले जाते. दुकानदार हाताला येईल ते देतो, आणि चार हात मारताच त्याचे दात तुटतात. दोष पात्याचा नसतो. तो निवडीचा असतो. वसमत-कळमनुरी भागातील हळदीच्या मळ्यांत पाण्याच्या नळ्या कापण्या-जोडण्याचे काम मुले घरी पाहतातच. त्या पाहण्याला विचाराची जोड देणे हे या पाठाचे काम आहे.

१९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मांडला गेला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे, असे सुचविले आहे. गावातील लोहार किंवा नळकाम करणारा कारागीर या पाठास बोलावता आल्यास उत्तम.

विषयविवेचन

पात्याच्या दोन टोकांस भोके असतात. त्या भोकांच्या मध्यांतील अंतर म्हणजे पात्याची लांबी. ती बहुधा ३०० किंवा २५० मिलिमीटर असते. पात्यावर एका इंचातील दातांची संख्याही छापलेली असते : १४, १८, २४ किंवा ३२. निवड या आकड्यावरून करावयाची असते.

नियम असा : कापताना वस्तूच्या जाडीत निदान तीन दात एका वेळी टेकले पाहिजेत. त्याहून कमी टेकल्यास वस्तूची कड दोन दातांच्या फटीत अडकते व दात तुटतो. उलट, जाड वस्तूवर फार बारीक दात वापरल्यास कीस फटीत दाटतो व पाते पुढे सरकत नाही.

हा नियम गणिताच्या तासातही शिकविता येतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. २४ दातांच्या पात्यात दोन दातांमधील अंतर २५.४ ÷ २४, म्हणजे सुमारे १.०६ मिलिमीटर. लोखंडी कोनाची जाडी ५ मिलिमीटर असल्यास तीत चारांहून अधिक दात बसतात. १४ दातांच्या पात्यात हे अंतर १.८१ मिलिमीटर; तेथे तीनही दात पुरते बसत नाहीत. म्हणून कोनास ते पाते चालत नाही.

सर्वसाधारण निवड अशी करावी :

१४ दात – ॲल्युमिनियम, तांबे यांसारख्या मऊ धातूंचे जाड तुकडे.
१८ दात – साध्या लोखंडाची भरीव कांब, नित्याची कामे.
२४ दात – लोखंडी कोन व मध्यम जाडीच्या नळ्या. प्लॅस्टिकची नळीही याने स्वच्छ कापली जाते.
३२ दात – पातळ भिंतीच्या नळ्या. अर्ध्या इंची लोखंडी नळीची भिंत सुमारे अडीच मिलिमीटर असते. तिला हेच पाते योग्य.

पत्रा याहूनही पातळ असतो. तो दोन लाकडी फळ्यांत आवळून फळ्यांसह कापावा, अथवा पत्र्याची कात्री वापरावी. वस्तूवर कानस नुसती घसरत असेल, तर ती वस्तू कठीण केलेल्या पोलादाची आहे. तीवर करवत चालवू नये.

पात्याचा प्रकारही पाहावा. संपूर्ण कठीण पाते सरळ कापते. पण किंचित पिळले गेले तरी काचेप्रमाणे तुटते. ज्याचे दात कठीण व पाठ लवचीक, असे पाते शिकाऊ हातांस सुरक्षित. ते थोडे महाग असले, तरी शाळेने तेच घ्यावे.

कृती

१. पाते बसविताना दातांचा रोख मुठीपासून पुढे असावा.
२. पंखाची चाकी फिरवून पाते ताठ करावे. सैल पाते वाकडे कापते व मोडते.
३. वस्तू शेगड्यात घट्ट धरावी. खुणेवर कानशीने खाच पाडून मग सुरुवात करावी.
४. पुढे जाताना दाब द्यावा, मागे येताना सोडावा. मिनिटास ४० ते ५० हात पुरेत. घाईने पाते तापते व दात बोथट होतात.
५. कापणे संपत आले की दाब कमी करावा.
६. मध्येच पाते मोडल्यास नवे पाते जुन्या खाचेत घालू नये. झिजलेल्या पात्याची खाच अरुंद असते. तीत नवे पाते अडकून मोडते. वस्तू फिरवून दुसऱ्या बाजूने कापावे.

दक्षता

एका वेळी एकाच विद्यार्थ्याने करवत धरावी व शिक्षकाने शेजारी उभे राहावे. मोडके तुकडे मोजून डब्यात ठेवावेत. ते अंगणात राहिल्यास अनवाणी मुलांच्या पायांत जातात. जुन्या छपराचा ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा कधीही कापू नये. त्याची धूळ फुफ्फुसांत जाऊन कर्करोगासारखे आजार होतात.

स्वाध्याय

१. ३२ दातांच्या पात्यात दोन दातांमधील अंतर किती?
२. ३ मिलिमीटर जाडीच्या पट्टीस १८ दातांचे पाते चालेल काय? कारण लिहा.
३. घरातील चार धातूच्या वस्तूंची जाडी मोजून प्रत्येकीस योग्य पाते सुचवा.

ज्या विद्यार्थ्यास तिसरा प्रश्न सुटला, त्याला दुकानात काय मागावे हे कळले. त्याच्या हातून पाते सहसा मोडणार नाही, आणि बोटही कापले जाणार नाही.