अन्न आणि मनःस्वास्थ्य

शरीर अन्नावर पोसले जाते, हे कोणालाही शिकवावे लागत नाही. परंतु मनही अन्नावरच पोसले जाते, ही गोष्ट मात्र आपण सहसा ध्यानात घेत नाही. एखादा मुलगा वर्गात पेंगतो, क्षुल्लक कारणावरून चिडतो किंवा काल पाठ केलेले आज विसरतो. लगेच त्याच्यावर 'आळशी', 'तापट', 'मंद' असा शिक्का बसतो. हा शिक्का सहजी पुसला जात नाही. पुढे पुढे तो मुलगाही तो खरा मानू लागतो. म्हणून तसे काही म्हणण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारला जावा, असे आम्हांस वाटते : आज हा काय खाऊन आला आहे?

हा प्रश्न आपल्या देशात फार प्राचीन काळी विचारला गेला आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपला पुत्र श्वेतकेतू यास, खाल्लेल्या अन्नाच्या अतिसूक्ष्म अंशापासून मन घडते, असे सांगतात. मुलाची खात्री पटावी म्हणून ते त्याला पंधरा दिवस अन्न वर्ज्य करावयास सांगतात; पाणी मात्र हवे तेवढे प्यावे. सोळाव्या दिवशी पिता त्याला वेद म्हणावयास सांगतो, तेव्हा त्या विद्वान मुलाला काहीच आठवेना! मग पिता त्याला जेवून येण्यास सांगतो, आणि जेवून आल्यावर तोच मुलगा विचारलेले सर्व सांगू लागतो. मोठा अग्नी विझत जाऊन काजव्याएवढा निखारा उरावा, आणि त्यावर गवत घालताच तो पुन्हा पेटावा, असा दृष्टान्त पित्याने येथे दिला आहे. विद्या नाहीशी झाली नव्हती. तिला इंधन नव्हते.

आधुनिक काळातही असा एक प्रयोग झाला. दुसऱ्या महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे पोसावे, हे जाणण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 1944-45 साली 36 निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन घटले, हे तर अपेक्षितच होते. पण ते तरुण खिन्न झाले, चिडखोर झाले, मित्रांना टाळू लागले. रात्रंदिवस त्यांच्या मनात अन्नाचेच विचार घोळू लागले. लक्ष लागत नाही, अशी त्यांची तक्रार होती; तथापि बुद्धीच्या चाचण्यांत विशेष घट आढळली नाही. उपनिषदातील निखाऱ्याचा दृष्टान्त येथे सहज आठवतो. भुकेल्या माणसाची बुद्धी शाबूत असते. ती वापरण्याचे त्राण मात्र राहत नाही. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के असते. परंतु विश्रांतीच्या वेळी शरीर जी शक्ती खर्च करते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. हे प्रमाण पाहिले म्हणजे रिकाम्या पोटी गणित का सुटत नाही, याचे नवल वाटावयास नको.

पोट भरले म्हणजे मनही पोसले गेले, असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच वैद्य क्रिस्तियान आइकमान यांना जावा बेटात असे दिसले की, पांढरे सडीक तांदूळ खाऊन राहिलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग जडतो आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. या कार्याबद्दल त्यांना 1929 चे नोबेल पारितोषिक लाभले. कोंड्यातील ते द्रव्य म्हणजे ब-1 हे जीवनसत्त्व. ते कमी पडले की नसा दुबळ्या होतात, माणूस चिडचिडा होतो, आणि उणीव तीव्र झाल्यास स्मरणशक्तीही ढासळते.

येथे आपल्या घरच्या उकड्या तांदळाचे महत्त्व कळून येते. भात भिजवून, वाफवून व वाळवून मग सडले असता कोंड्यातील जीवनसत्त्वाचा काही अंश दाण्यात मुरतो व सडताना वाया जात नाही. सकाळी दहा-अकराच्या सुमारास शेतातून, कुळागरातून येणाऱ्या माणसासमोर पेजेचा वाडगा ठेवणाऱ्या आमच्या आज्यांना ब-1 हे नाव ठाऊक नव्हते. पण त्या वाडग्यात ते होते.

अन्नाच्या उणिवेने मन कोठवर ढळू शकते, हे पेलाग्रा या रोगावरून कळते. त्यात कातडी काळवंडते, हगवण लागते आणि शेवटी बुद्धिभ्रंश होतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांना तो जडे; कित्येक रोगी वेड्यांच्या इस्पितळांत पडून असत. तो संसर्गजन्य आहे, असा समज होता. जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1914 पासून अनाथाश्रमांतून व अशा एका इस्पितळातून दूध, अंडी, मांस व कडधान्ये यांचा आहार देऊन तो टाळता येतो, हे दाखवून दिले. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्यांत हा रोग आढळे. हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. तेव्हा ज्यांना जग वेडे म्हणत होते, त्यांतील कित्येकांना खरोखर चौरस अन्नाची गरज होती!

आज आपल्याकडे पेलाग्रा क्वचितच दिसतो. परंतु रक्तक्षय घरोघरी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुली व त्याच वयाच्या मुलांपैकी 31 टक्के मुले रक्तक्षयी आहेत. लोहाची उणीव झाली की थकवा येतो, लक्ष उडते, उत्साह मावळतो. वर्गात डोके टेकून बसणारी मुलगी आळशी नसून रक्तक्षयी असू शकेल. हे तिच्या मुद्रेवरून ठरवावयाचे नसते. आरोग्य केंद्रातील रक्ताच्या साध्या तपासणीने ते कळते.

यावर उपाय म्हणून महागड्या डब्यांतील भुकट्या आणावयास नकोत. पेडणे आणि डिचोली या दोन्ही महालांत जे पिकते व जे पाण्यातून मिळते, तेच पुष्कळ आहे. उकड्या तांदळाची पेज, नाचण्याची आंबील, कुळथाची पिठी, अळसांदे, खोबरे घातलेली तांबडी भाजी, पावसातला तायकिळा हे सारे आपल्या ओळखीचे पदार्थ. हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर येणारे तारले आणि बांगडे स्वस्त असतात म्हणून त्यांना कमी लेखू नये. मेंदूच्या घडणीस लागणारी स्निग्धद्रव्ये त्यांत विपुल असतात. जे मासळी खात नाहीत, त्यांनी दूध व दही यांची हेळसांड करू नये. कारण ब-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, आणि त्याच्या अभावी विस्मरण व उदासी येऊ शकते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. उलट लिंबू, आवळा किंवा पेरू सोबत असल्यास ते अधिक शोषले जाते. पहाटेची बस गाठावयाची म्हणून चहा-बिस्किटांवर निघणाऱ्या मुलाने रात्रीच्या भाताची पेज तरी पिऊन निघावे.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. अन्न म्हणजे प्रत्येक मनोव्यथेवरील रामबाण औषध नव्हे. ऑस्ट्रेलियात 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नैराश्याने ग्रासलेल्या 67 जणांपैकी काहींना बारा आठवडे आहार सुधारण्यास साहाय्य दिले, तर इतरांना नुसती सोबत व संभाषण दिले. पहिल्या गटातील सुमारे 32 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्यातील 8 टक्के. फरक लक्षणीय आहे. पण प्रयोग लहान होता, आणि आहार सुधारूनही बहुसंख्य पूर्ण बरे झाले नाहीत, हेही त्याच आकड्यांत आहे. दुःख, कर्ज, घरातील कलह, आनुवंशिकता अशी मनोविकारांची अनेक कारणे असतात. शिवाय नैराश्यात भूकच मरते. त्यामुळे न खाणे हे कधी कारण असते, तर कधी लक्षण. अशा माणसास 'नीट जेवत जा' एवढेच सांगणे म्हणजे दुसरा अन्याय होय. त्याला वैद्याची गरज असते. त्यासाठी बांबोळी येथे शासकीय मनोविकार संस्था आहे, आणि 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा देशभर मिळते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या बाकावरचा सोबती काही दिवस गप्प किंवा चिडखोर दिसला, तर त्याला नावे ठेवू नका. मधल्या सुट्टीत आपला डबा त्याच्यापुढे करा. आणि डबा पुढे करूनही तो गप्पच राहिला, तर ती गोष्ट घरच्या वडीलधाऱ्यांच्या किंवा आम्हां शिक्षकांच्या कानी अवश्य घाला.