टेक्निकल रायटर व्हायचंय? आधी कामाची आकृती काढायला शिका

मुलीचं इंग्रजी चांगलं आहे, तर तिला टेक्निकल रायटिंगकडे वळवावं, असं वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेतल्या एखाद्या पालकाला वाटलं तर त्यात गैर काही नाही. पण हा विचार अर्धाच आहे. निर्दोष परिच्छेद आता एआयसुद्धा क्षणात लिहून देतं. काम कोण सुरू करतं, कुणाच्या मंजुरीनं पुढे सरकतं आणि कुठे अडतं, हे विचारून शोधणारा आणि एका पानावर मांडणारा माणूस मात्र सहज मिळत नाही. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यानं भाषेइतकाच वेळ प्रक्रियेच्या आकृत्यांना द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

सरावाला विषय घरापाशीच आहे. वर्धा जिल्हा कापसाचा. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीसाठी २०२५-२६ च्या हंगामात 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आणि स्लॉट घेणं आलं. केंद्रावर ओलावा मोजतात: ८ टक्क्यांपर्यंत कपात नाही, ८ ते १२ टक्क्यांमध्ये त्या प्रमाणात कपात, १२ च्या वर खरेदीच नाही. वाचायला हा नियम सरळ वाटतो. आता शेतकरी, कापूस तपासणारा ग्रेडर, बँक असे वेगळे पट्टे आखा, प्रत्येक काम ज्याचं त्याच्या पट्ट्यात चौकोनात लिहा आणि निर्णयाच्या जागी शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट काढा. लगेच प्रश्न उभे राहतात. ओलाव्यामुळे परत गेलेल्या गाडीला स्लॉट पुन्हा घ्यावा लागतो का? सातबारा वडिलांच्या नावावर आणि कापूस घेऊन मुलगा आला तर? खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे कुठे थांबतात? परिच्छेदात या फटी झाकल्या जातात. आकृतीत बाण अधांतरी राहतो आणि उत्तर शोधावंच लागतं. शेतकऱ्याचा दिवस वाया जातो तो याच फटींमुळे, आणि चांगली माहितीपुस्तिका तिथेच कामी येते.

आकृतीची ही पद्धत जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी १९२१ मध्ये अमेरिकेत यांत्रिकी अभियंत्यांपुढे 'प्रोसेस चार्ट' मांडले. आज बीपीएमएन (बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन) ही चिन्हपद्धती वापरली जाते; तिची दुसरी आवृत्ती २०११ मध्ये आली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. नवशिक्याला त्यातली मोजकी चिन्हं आणि ड्रॉ डॉट आयओसारखं मोफत साधन पुरतं.

आकृत्या काढणं हे तर बिझनेस ॲनालिस्टचं काम, असा आक्षेप येतो. मोठ्या कंपनीत तो बरोबर आहे. पण त्याची आकृती वाचून तीत काय सुटलं हे ओळखल्याशिवाय लेखकाला पुस्तिका लिहिता येत नाही, आणि लहान कंपनीत दोन्ही कामं बहुधा एकाच माणसाकडे येतात. एआय आकृतीही काढेल, हेही खरं. पण ते सांगितलेलंच काढणार. न सांगितलेला अपवाद ग्रेडरशी बोलूनच हाती लागतो.

पालकांची खरी काळजी नोकरीची, आणि ती रास्त आहे. टेक्निकल रायटर या नावाच्या जागा वर्ध्यात फारशा नाहीत. त्या पुणे, हैदराबाद, बंगळुरूकडे. म्हणून पदवी सोडू नये, महागड्या प्रमाणपत्रासाठी कर्ज तर मुळीच काढू नये. मात्र 'एसओपी', म्हणजे कामाची ठरलेली कार्यपद्धती, लिहिणारी माणसं रुग्णालयांना, औषध कंपन्यांना आणि कारखान्यांनाही लागतात. सावंगी आणि सेवाग्रामची मोठी रुग्णालयं इथून जवळच आहेत. पदवीच्या वर्षांत दोन-तीन खऱ्या कामांच्या आकृत्या काढाव्यात, ते काम रोज करणाऱ्याकडून तपासून घ्याव्यात आणि त्यांवरून लिहिलेल्या सूचनांसह मुलाखतीला न्याव्यात. तपासणाऱ्यानं सुचवलेल्या दुरुस्त्या पुसू नयेत, त्याही दाखवाव्यात.