मत कुणाला, हे पत्रकावरून ठरवू नका

2024 च्या जूनमध्ये आमच्या दारात रोज दोन-तीन प्रचारपत्रकं येऊन पडत होती. 4 जुलैला ब्रिटनच्या संसदेसाठी मतदान होतं. वायव्य लंडनमधल्या आमच्या भागात आलेल्या एका पत्रकावर मोठा आलेख छापला होता. दोन उंच खांब, शेजारी तिसऱ्या पक्षाचा बोटभर खुंट. खरी लढत या दोघांतच आहे, तिसऱ्याला दिलेलं मत फुकट जाईल, असं वर ठळक अक्षरांत लिहिलेलं. तळाशी अगदी बारीक टाइपात आकड्यांचा उगम दिला होता. एका वॉर्डातली कौन्सिलची निवडणूक! संसदेच्या लढतीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

ओळखीतल्या एका जोडप्याने तो आलेख प्रमाण मानला आणि मनातला पक्ष सोडून पत्रकवाल्यांना मत दिलं. निकालात ते पत्रकवाले तिसरे आले आणि खुंटाएवढा दाखवलेला पक्ष थोडक्यात हरला. दोघं आजही तो विषय निघाला की चिडतात, आणि मला त्यांचा राग पटतो. आकडे खरे असले तरी ही फसवणूकच आहे.

असा आलेख लोकांना का भुलवतो, ते समजून घ्यायला हवं. भारताप्रमाणे इथेही मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो जिंकतो, बाकीच्यांच्या मतांचा जागांच्या हिशेबात काहीच उपयोग होत नाही. 2024 मध्ये लेबरला देशभरात सुमारे 34 टक्के मतं मिळाली आणि 650 पैकी 411 जागा. रिफॉर्म यूकेला 14 टक्के मतांवर 5 जागा, तर लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, 12 टक्के मतांवर 72. म्हणजे पक्ष देशात किती लोकप्रिय आहे यापेक्षा तुमच्या मतदारसंघात तो कुठे उभा आहे, याला महत्त्व जास्त. हेंडनमध्ये त्या वर्षी लेबरचा उमेदवार फक्त 15 मतांनी निवडून आला. दादाभाई नौरोजी 1892 मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून संसदेत गेले, तेही अवघ्या 5 मतांनी.

म्हणून पक्षाचा विचार करण्याआधी आपल्या मतदारसंघाचा मागचा निकाल स्वतः शोधा. संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्स लायब्ररीच्या किंवा बीबीसीच्या संकेतस्थळावर तो सहज मिळतो. मात्र निकाल संसदेचाच आहे आणि सीमा त्याच आहेत, एवढं तपासा; 2024 ला बऱ्याच मतदारसंघांच्या सीमा बदलल्या होत्या. पहिल्या दोघांत मोठं अंतर असेल तर बिनधास्त मनातल्या पक्षाला मत द्या, त्या मतांच्या टक्केवारीकडे सगळे पक्ष पुढच्या वेळी बघतात. लढत अटीतटीची असेल तर नको असलेल्या उमेदवाराला रोखण्यासाठी दुसऱ्या पसंतीला मत देण्यात काही गैर नाही. पण तो हिशेब आपला आपण मांडलेला असावा.

दुसरा धोका आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपमधून येतो. सप्टेंबर 2019 मध्ये लेबरच्या अधिवेशनात काश्मीरवर भारतविरोधी मानला गेलेला ठराव झाला आणि डिसेंबरच्या निवडणुकीपर्यंत ब्रिटनमधल्या हिंदूंनी लेबरला मत देऊ नये, असे मेसेज फिरत राहिले. परराष्ट्र धोरण पाहून मत ठरवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण भारतातल्या पक्षांचं माप इथल्या पक्षांना लावलं, की आपला दवाखाना, घरभाडं, मुलांचं शिक्षण हे सगळं बाजूला पडतं. फॉरवर्ड करणाऱ्याला एकदा विचारून पाहा, तुमच्या उमेदवाराचं नाव काय? बहुतेकांना ते माहीत नसतं.

व्हिसाच्या बाबतीत तर पक्षांच्या ख्यातीवर अजिबात विसंबू नका. 'अमुक पक्ष आपल्या लोकांच्या बाजूचा' हे वाक्य मी इथे कितीदा तरी ऐकलं आहे. एप्रिल 2024 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची अट 26,200 वरून 38,700 पौंडांवर नेली. जुलै 2025 मध्ये लेबर सरकारने ती 41,700 केली, शिवाय कायम वास्तव्यासाठीची मुदत सर्वसाधारणपणे पाचाऐवजी दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव आणला. रिफॉर्मने तर कायम वास्तव्याची सोयच रद्द करू, असं जाहीर केलं. तेव्हा जाहीरनाम्यातलं व्हिसाचं पान स्वतः वाचा. मावळत्या खासदाराने संसदेत कोणत्या बाजूने मत दिलं, हे 'दे वर्क फॉर यू' या संकेतस्थळावर नावानिशी दिसतं. जमल्यास हस्टिंग्जला जा. एखाद्या चर्चच्या हॉलमध्ये सगळे उमेदवार एका टेबलाशी बसलेले असतात आणि थेट प्रश्न विचारता येतो. कचरा आणि रस्त्यातले खड्डे यांवर मात्र तो प्रश्न खर्च करू नका, ते काम कौन्सिलचं. स्कॉटलंड-वेल्समध्ये राहत असाल तर आरोग्य आणि शाळाही तिथल्या सरकारकडे आहेत.

एक गोष्ट अजून मनाला लागून आहे. भारतीय पासपोर्टवर इथे नोकरी करणारी माझी एक मैत्रीण त्या जूनमध्ये सगळे जाहीरनामे वाचत होती, पण आपल्याला मत आहे हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. भारत राष्ट्रकुलात असल्याने वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या प्रौढ भारतीय नागरिकाला संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येतं. आमचं बोलणं झालं तोवर नोंदणीची 18 जूनची मुदत उलटली होती.

पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट 2029 पर्यंत कधीही होऊ शकते, त्यामुळे नोंदणी आजच करा. ती ऑनलाइन होते, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो. आणि ऐन निवडणुकीत सुट्टीला पुण्या-नाशकाकडे जायचं असेल, तर टपाली मतपत्रिका तिकडे मागवू नका. ती वेळेत परत पोचण्याचा भरवसा नाही. इथल्याच कुणा विश्वासातल्या माणसाला प्रॉक्सी नेमा आणि कोणत्या नावापुढे फुली मारायची, ते जाण्याआधी त्याला स्पष्ट सांगून ठेवा.