मन्याराकाठचे अभयारण्य

‘सफारी’ हा शब्द ऐकला की बंदूकधारी गोरा साहेब डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे केवळ प्रवास. आपली ‘सफर’ आणि ती सफारी ही एकाच अरबी शब्दाची लेकरे होत. पूर्व आफ्रिकेच्या अशा प्रवासात बहुतेकांना सेरेंगेटीची ओढ असते, आणि वाटेवरील मन्यारा सरोवराचे लहानसे राष्ट्रीय उद्यान ते घाईने ओलांडून जातात. विद्यार्थिमित्रहो, आपण मात्र येथे थोडे थांबू.

टांझानिया देशात अरुषा शहराच्या पश्चिमेस हे उद्यान आहे. ‘मन्यारा’ हे नाव मसाई लोकांच्या भाषेतील एका झुडपावरून आले, असे सांगतात. गुरांच्या वाड्याभोवती ते लोक त्याचे कुंपण घालतात. ते झुडूप आपल्याही परिचयाचे आहे. शेताच्या बांधावर ज्याची फांदी मोडताच पांढरा चीक गळतो, तोच हा शेर. तेथील कड्याच्या उतारावर गोरखचिंचेचे प्रचंड वृक्षही दिसतात. गोरखनाथांचे नाव आपण ज्या झाडाला दिले, त्याचे माहेर आफ्रिकेत आहे!

१९६० साली हे उद्यान स्थापन झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ३३० चौरस किलोमीटर होते. तळे तुडुंब भरले की त्यापैकी दोन-तृतीयांश भाग पाण्याखालीच असे. पश्चिमेस महाखचदरीचा उंच कडा, पूर्वेस सरोवर आणि मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी, अशी येथील रचना. पुढे माथ्यावरील मारांगचे अरण्य जोडल्यामुळे क्षेत्र वाढले.

प्रवेशद्वारातून आत शिरताच घनदाट अरण्य लागते, आणि येथेच जिज्ञासू मनाला प्रश्न पडावा. एवढ्या गर्द झाडीला पुरेल इतका पाऊस या पायथ्याशी पडत नाही. मग ही झाडी जगते कशावर? उत्तर वरच्या डोंगरात आहे. तेथे पडलेले पाणी ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकात मुरते आणि कड्याच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. अरण्याला मेघांनी नव्हे, तर खडकांनी पाजले आहे. म्हणूनच वरच्या डोंगरातील झाडी तुटली, तर तिचा फटका खालच्या झऱ्यांना बसल्यावाचून राहत नाही.

सरोवराचे पाणी मात्र पिण्याजोगे नाही. त्यास बाहेर जाण्यास वाट नसल्याने ते केवळ उन्हाने आटते व क्षार मागे राहतात. अशा खारट, सोडायुक्त पाण्यात सूक्ष्म नील-हरित शेवाळ फोफावते. त्यावर जगतात ते लहान रोहित पक्षी. चोच उलटी पाण्यात बुडवून ते पाणी गाळतात, आणि त्या अन्नातील रंगद्रव्यानेच त्यांची पिसे गुलाबी होतात. ठाण्याच्या खाडीत येणारे रोहित ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे दृश्य अपरिचित वाटणार नाही.

मन्याराची ख्याती आहे ती झाडावर चढणाऱ्या सिंहांमुळे. पाय लोंबते सोडून ते फांदीवर निवांत पहुडतात. कोणी म्हणतात माशांचा त्रास टाळण्यासाठी, कोणी म्हणतात गारव्यासाठी, एकमत नाही. त्यांचे दर्शन घडेलच असेही नाही, आणि आमच्या मते केवळ त्यासाठी येणारा पुष्कळ काही गमावतो.

कारण येथील खरी कथा हत्तींची आहे. १९६५ साली इयान डग्लस-हॅमिल्टन हे तरुण ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ येथे आले. कानांच्या कडा व सुळे यांवरून त्यांनी एकेक हत्ती ओळखण्यास आरंभ केला आणि चारशेंहून अधिक हत्तींची ओळख पटवली. कळपाचे नेतृत्व वयोवृद्ध हत्तीण करते, तिच्याभोवती लेकी व नाती राहतात, हे त्यांच्या अभ्यासाने सुस्पष्ट झाले. पुढे १९८०च्या दशकात हस्तिदंतासाठी झालेल्या चोरट्या शिकारीने हे कळप फार घटले. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील बंदीचा निर्णय १९८९ साली झाला.

शिकाऱ्यांहून निराळे असे दुसरे संकट शांतपणे आले आहे. एवढ्याशा पट्टीत हत्तींचे भागत नाही. ते पूर्वापार तारांगिरेच्या बाजूस येजा करीत. परंतु त्या वाटेवर आता शेते, वस्त्या आणि रस्ते आहेत. प्रवेशद्वाराशी असलेले म्टो वा म्बू, म्हणजे ‘डासांची नदी’, हे गाव कड्याखालच्या पाण्यावर भात व केळी पिकवते. तेथील शेतकऱ्याला पाणी हवे, हत्तीला वाट हवी. दोघांचीही निकड खरी आहे, आणि जमीन तेवढीच आहे.